डावीकडची जागा

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम. परवापर्यंत पंखे चालू होते आणि काल सकाळी नळाच्या पाण्याने बोटं वाकडी झाली. आमच्या जळगावच्या गल्लीत आता रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात. भरिताचा तो जळका, गोडसर धूर गच्चीपर्यंत चढतो आणि जिना उतरताना माझा गुडघा कुरकुरायला लागतो. शेजारची सून म्हणते, "मावशी, तेल लावत जा." मी लावते. मावशी तरुणपणी काहीतरी खेळायच्या, एवढंच तिला ठाऊक आहे. कबड्डी असावी, असा तिचा समज आहे आणि मी तो कधी मोडलेला नाही.

मी फुटबॉल खेळत असे. पगार घेऊन खेळत असे. एका मोठ्या शहरातल्या कारखान्याच्या महिला संघात मी स्टॉपर होते, म्हणजे गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. हजेरीपटावर कारकून, प्रत्यक्षात बॅक. नव्वदचं दशक मी असं पायांवर काढलं.

मागे खेळणाऱ्या बाईचं कौतुक फारसं कुणी करत नाही आणि ते बरोबरच आहे. गोल करणारीने काहीतरी केलेलं असतं. आम्ही काहीतरी होऊ दिलेलं नसतं. न झालेल्या गोष्टीचा फोटो कसा काढणार? पण मागे उभं राहिल्यावर एक गोष्ट अंगात भिनते, ती पुढच्यांना कळत नाही. आपल्या शेजारी कोण आहे, ते न बघता कळायला लागतं. मान वळवायची सवड नसते. नजर समोरच्या पायांवर असते आणि तरीही डाव्या खांद्यापलीकडे कुणीतरी उभं आहे, हे चामडीला समजतं. अंधारात घरात कुणी आलं तर समजतं ना, तसं.

परवा पेपरात बातमी होती की यावलकडे केळीला चरका बसला. चरका म्हणजे थंडीचा मार. पानं करपतात, घड पोसत नाहीत. त्यावर उपाय म्हणून शेतकरी पहाटे बागेच्या कडेकडेने ओला पालापाचोळा पेटवतात. आग नको असते, धूर हवा असतो. तो जड धूर बागेवर गोधडीसारखा पसरतो, त्यात दंव मिसळतं, आणि सकाळी सूर्य उगवला तरी गावाला पत्ता लागत नाही. ही बातमी वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. मला फैजपूरचा तो हिवाळा आठवला. तो आठवला की आजही मी आधी डावीकडे बघून घेते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी कॉलेजात होते. वडील नगरपालिकेत शिपाई, माय केळीच्या बागांमध्ये मजुरीला जायची. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली माझी पुस्तकं आणि दाराआड चिखलाने माखलेले माझे कॅनव्हासचे बूट. वडिलांना फुटबॉल कळत नव्हता, पण पोरगी बस पकडून दुसऱ्या गावी खेळायला जाते याचं त्यांना फार कौतुक होतं. मायला भीती वाटायची. ती बोलायची नाही, फक्त बूट धुऊन ठेवायची.

आम्हाला खेळायला शिकवलं ते नानांनी. नाना मूळचे धुळ्याचे, तरुणपणी गिरणीच्या संघात खेळलेले, पुढे शाळेत पी.टी.चे मास्तर होऊन आमच्याकडे आले. त्यांनी मुलींना फुटबॉल शिकवायला घेतला तेव्हा मास्तर जरा सटकलेले आहेत असं गावाचं मत पडलं. शाळेत ते शुद्ध मराठी बोलायचे आणि मैदानावर आले की अहिराणीत उतरायचे. आम्ही सगळ्याच चेंडूच्या मागे घोळक्याने पुढे धावलो की त्यांची आरोळी यायची, "बठ्ठ्या पुढे गयात! मांगे कोन शे?"

मागे मी असायचे आणि माझ्या डावीकडे शकू.

शकू ही केळीवाल्या घरची. उंच, सावळी, जर्सीच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडणारी. तिचा डावा पाय असा होता की चेंडू त्याला ओळखायचा. तिच्या बापाची बाग आमच्या मैदानाला लागूनच होती. मध्ये फक्त एक बांध. माझी माय तिच्याच बागेत कामाला. पण मैदानावर मालकाची पोर आणि मजुराची पोर असलं काही उरायचं नाही, कारण तिथे आम्ही दोघी मिळून एक दार होतो. मी उजवी झडप, ती डावी. मी पुढे सरकले की ती आपसूक मागे. मी तिला हाक मारलेली मला आठवत नाही. कधी लागलीच नाही.

पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमारास, शकू गेली. केळीची वाळलेली पानं कापताना तिला मण्यार साप चावला. सकाळची वेळ होती. आम्ही बांधाच्या अलीकडे सराव करत होतो आणि ती पलीकडे होती. तिचा आवाज आम्हाला आला नाही, कारण मण्यार चावलेलं पुष्कळदा कळतच नाही म्हणतात. काटा लागला असेल असं तिला वाटलं. डोळे जड व्हायला लागले तेव्हा ती घरी गेली. जळगावला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दिवाळीनंतर सराव पुन्हा सुरू झाला तेव्हा नानांनी शकूच्या जागी धरणगावची मंदा घेतली. चांगली होती बिचारी. पण ती आठवड्यातून एखाद्या वेळी यायची, आणि बाकीचे दिवस माझ्या डावीकडे नुसता धूर असायचा.

त्या धुरातले ते सराव! सकाळी मैदानावर पोचायचं तेव्हा गोलचे बांबूही दिसत नसत. आमची गोलकीपर रेखा ही शिंप्याची पोर, तोंडाने सारखं काही ना काही बोलत राहायची. तिच्या बडबडीवरून गोल कुठे आहे ते कळायचं. घशात कडवट चव. पापण्यांवर दंव. बांधापलीकडे केळीची काळी भिंत आणि तिच्यातून येणारा तो आवाज: पानांवर साचलेलं दंव खालच्या वाळक्या पानावर टपकतं, टप, मग थांबून टप. अगदी कुणीतरी अनवाणी, बेताने चालतंय असा.

चेंडू बागेत जायचा. रोजच जायचा. पूर्वी तो आणायला शकू जायची, बाग तिचीच होती. आता कोण जाणार यावरून आम्ही एकमेकींकडे बघायचो. आणि आमचं ठरायच्या आत चेंडू परत यायचा. कुणी फेकल्यासारखा हवेतून येत नसे. धुरातून घरंगळत, शांतपणे, बांध उतरून मैदानात यायचा आणि थांबायचा.

पहिल्यांदा वाटलं, बागेत राखणदार असेल. दुसऱ्यांदा रेखाने ओरडून आभार मानले. उत्तर आलं नाही. मग आमच्यापैकी कुणी चेंडू त्या बाजूला मारेना. नाना एकदा बांधापर्यंत गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कोन शे तठे?" पानं टपकत राहिली. नाना परत आले, खिशातून शिटी काढली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ वाजवली.

"शकू आहे ती," रेखा माझ्या कानाशी म्हणाली.

"गप बस."

"मग तू जा ना बघून."

मी गेले. धीट होते म्हणून नाही. माझ्याकडून चेंडू गेला होता आणि मला त्या दिवशी, कसं सांगू, तिला बघायचं होतं.

केळीच्या बागेत शिरलं की बाहेरचा आवाज बंद होतो. मोठ्या दुकानाचं जाड काचेचं दार मागे बंद व्हावं, तसं. धूर आत जमिनीपासून कमरेपर्यंत साचलेला होता आणि वर पानांचं छत. दोन ओळी ओलांडल्यावर मला निळी जर्सी दिसली. आमच्या संघाची. कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं.

माझ्या तोंडून काय निघालं मला माहीत नाही. ती आकृती वळली. शकूची आई होती. लुगड्यावर तिने मुलीची जर्सी चढवली होती. गाव तिला अक्का म्हणायचं.

"तू कोनाची व?" तिने विचारलं. अगदी साध्या आवाजात, दारात आलेल्या पोरीला विचारावं तसं.

मी मायचं नाव सांगितलं.

"शकूसंगं खेयायची ती तू?" आमच्याकडच्या बोलीत ळ नाहीच, केळीची केयी होते, खेळण्याचं खेयनं.

"हो अक्का."

"मी रोज येते अठी. तुमचा गलका सुरू झाला का येते." तिने शेजारच्या जागेवरची पानं हाताने सारखी केली. "अठी चावलं तिले. त्या दिशी ती म्हने, माय, मी खेयाले जाते. मी म्हनलं, खेय पोटाले घालीन का? पानं काप आधी. मी जाऊ दिलं आसतं तं ती तुमच्यात राह्यली आसती. बांधाच्या त्या अंगाले."

जर्सीच्या बाह्या तिला लांब झाल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तुम्ही चेंडू परत देता ते बरं होतं, अक्का. इतका नीट ढकलता की बरोबर मैदानाच्या मध्यात येतो."

अक्काने माझ्याकडे बघितलं. "मी तं उचलून बांधाच्या अलीकडं, ह्या बागंच्या अंगाले ठुते. ढकलत नही मी. मले कोठी येतं ते?"

बांधाला मैदानाच्या बाजूने उतार होता. हे मी स्वतःला बाहेर येता येता सांगितलं, त्या दिवशीही आणि नंतरही. ठेवलेला चेंडू उताराने घरंगळत येतोच. पण ज्या बाजूला ती ठेवत होती तिथून आधी बांध चढावा लागतो, हेही मला दिसत होतं.

मुलींना मी एवढंच सांगितलं की शकूची आई बसते आत. त्यावर त्या रडल्या आणि त्यांची भीती गेली. माझी तेव्हा सुरू झाली.

पुढच्याच महिन्यात धुळ्याला निवड सामने होते. त्यातून राज्याच्या संघासाठी मुली घेणार होते. राज्याच्या संघात गेलेल्या मुलींना कारखाने, कार्यालयं खेळाडू म्हणून नोकरी देतात, असं नाना सांगायचे. आमच्या घरी त्या नोकरीबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे, पण माय बूट धुताना आताशा जास्त वेळ लावायची.

आदल्या दिवशी आम्ही एसटीने धुळ्याला पोचलो आणि एका शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपलो. मंदा धरणगावहून परस्पर येणार होती. सकाळ झाली, मंदा आली नाही. तिला ताप भरला होता, हे आम्हाला नंतर कळलं. आमच्याकडे राखीव खेळाडू नव्हती. त्या काळी अकरा मुलींच्या घरून परवानगी मिळाली की संघ झाला म्हणायचं. नाना बाहेर जाऊन चकरा मारून आले आणि म्हणाले, "दहा जणी खेळू. करुणा, डावीकडचं तुलाच बघायचंय. तू एकटी शेस मांगे, ध्यानात ठेव."

पांझरा नदीवरून धुकं आलं होतं आणि मैदानावर बसलं होतं. पंचांनी बराच वेळ वाट पाहिली, मग शिटी दिली. समोरचा संघ देशावरचा होता, एकसारखे मोजे घातलेला, तालमीत तयार झालेला. त्यांची उजवीकडून धावणारी सात नंबरची पोरगी म्हणजे वारा होती. ती सुटली की आमच्या डाव्या बाजूला, म्हणजे जिथे कुणीच नव्हतं तिथे, तिला गोलपर्यंत मोकळं रान होतं.

पहिल्या काही मिनिटांतच ती सुटली. मी मध्ये अडकले होते. नाना ओरडत होते, "डावीकडं! करुणा, डावीकडं!" मी पोचू शकत नव्हते. आणि ती पोरगी धुक्यात शिरली, थबकली, चेंडू पायाखाली धरून क्षणभर उभी राहिली आणि आत, माझ्या दिशेने वळली. मी तो सहज काढून घेतला.

पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा. दर वेळी ती त्या रिकाम्या जागेच्या तोंडाशी यायची, पाय अडखळायचे आणि चेंडू घेऊन ती माझ्याकडे यायची, जणू मला आणून द्यायला. मला माझ्या डाव्या दंडावर काटा जाणवत होता. उजवा हात घामाने भिजला होता आणि डावा गार पडला होता. मी त्या बाजूला बघितलं नाही. बघायचं नाही असं मी ठरवलंच होतं. मी नेहमीसारखी खेळत होते. पुढे सरकत होते, मागची जागा सोडून देत होते. दहा जणींच्या संघात कुणी असं खेळत नाही.

मध्यंतरानंतर माझ्या लक्षात आलं की नानांनी ओरडणं बंद केलंय.

सामना बरोबरीत सुटला. आमच्यावर एकही गोल झाला नाही. धुकं विरळ होत होतं, कडेच्या बाकावर कुणीतरी काचेच्या ग्लासात चहा देत होतं. ती सात नंबरची पोरगी माझ्या शेजारी येऊन बसली. मनमोकळी होती. म्हणाली, "तुमची ती लेफ्ट बॅक कुठे गेली गं?"

"कोण?"

"ती उंच. बाह्या दुमडलेली. बोलत नाही का ती कुणाशी? मी दोनदा सॉरी म्हणाले, बघितलंसुद्धा नाही तिनं."

मी ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"अंगाला हात लावला नाही तिनं माझ्या, पायही घातला नाही. नुसती समोर उभी राहायची. पण कुठूनच जाता येईना." मग तिने आवाज उतरवला. "एक सांगू? आपण सगळ्या धापा टाकत होतो, तोंडातून वाफा निघत होत्या. तिच्या तोंडातून निघत नव्हती. मी अगदी जवळून बघितलं."

आमचा संघ बसमध्ये चढला तेव्हा तिने खिडकीतून एकेक चेहरा बघून घेतलेला मला आठवतो. निरोपाला हलणारा तिचा हात मध्येच थांबला.

परतीच्या वाटेवर मी नानांच्या शेजारी बसले. एरंडोल मागे गेल्यावर धीर करून विचारलं, "नाना, दुसऱ्या हाफात तुम्ही ओरडला नाहीत."

नाना खिडकीबाहेर बघत होते. कापूस वेचून झालेली शेतं, काटक्यांना लटकलेले चुकार पांढरे पुंजके. "गरजच पडनी नही," ते म्हणाले.

माझी निवड झाली. घरी पेढे आले. आणि मला प्रश्न पडला तो वेगळाच: हे अक्काला सांगायचं का? ज्या बाईची पोर गेली तिला असलं काही सांगणं म्हणजे क्रूरपणा, असं एकदा वाटायचं. न सांगणं म्हणजे चोरी, असं लगेच वाटायचं. ती सात नंबरची धुक्यात मलाच बघून फसली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण माझ्या बाह्या लांब होत्या. थंडी होती, मी त्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या.

शेवटी मी बागेत गेले आणि सांगितलं. वाफेचं तेवढं सोडून सगळं. ऐकून झाल्यावर अक्काने अंगातली जर्सी डोक्यावरून काढली, झटकली, नीट घडी केली.

"म्हंजे ती तुमच्यासंगं गेली," ती म्हणाली. "मंग मी कायले बसू अठी?"

आणि उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी चेंडू बागेत गेला तो आतच राहिला. मी जाऊन आणला. आत कुणी नव्हतं, दंवही टपकत नव्हतं. मी एवढी मोकळी बाग कधी बघितली नव्हती. चेंडू उचलून बाहेर येताना माझ्या मागून, डाव्या बाजूने, कुणी तरी माझ्याबरोबर चालत बाहेर आलं असं मला वाटलं. वाटलं म्हणते. त्यापेक्षा जास्त मी तेव्हाही म्हणाले नाही.

पुढची वर्षं मी त्या मोठ्या शहरात काढली. कारखान्याने नोकरी दिली, क्वार्टर दिलं, वडिलांनी पहिल्यांदा पावसाळा नसताना नवी छत्री घेतली आणि ती मिरवली. आम्ही देशभर खेळायला जायचो. मणिपूरच्या पोरींचे पाय, बंगालच्या मैदानांवरची चिखलाची मजा, ओडिशात प्रेक्षकांनी दिलेली उसाची कांडकी, हे सगळं सुखाचं होतं. माझ्या डावीकडे आता चांगल्या, जिवंत लेफ्ट बॅक असायच्या. पण त्या चेंडू घेऊन पुढे चढल्या की त्यांची जागा मोकळी व्हायची, आणि स्टॉपरने तिकडे सरकून ती झाकायची, हा अगदी पहिला धडा असतो. मी सरकत नसे. प्रशिक्षक माझ्यावर वैतागायचे. "करुणा, डावी बाजू कुणाच्या भरवशावर सोडतेस?" मी मान खाली घालायचे. ते पुढे म्हणायचे, "आणि गोल का होत नाही तिथून, हेही मला कळत नाही."

होत नव्हता. नशीब म्हणा. समोरच्या पोरी तिथे येऊन अडखळायच्या. खोलीवर माझ्याबरोबर राहणाऱ्या मुलीने एकदा विचारलं, तू झोपताना पलंगाची डावी बाजू का सोडतेस? मी सांगितलं, सवय आहे.

मला त्याची भीती वाटायची का? वाटायची. सामन्याआधी डावा दंड गार पडला की मी बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसायचे. पण तो गार पडला नाही तर काय, हा विचार मनात कधी आला नव्हता.

तो दिवस केरळात आला. समुद्राकाठचं गाव, लाल माती, दुपारचं लख्ख ऊन. धुकं नाही, धूर नाही, सावलीसुद्धा पायाखाली गोळा झालेली. महत्त्वाचा सामना होता. तो जिंकलो असतो तर आमच्यातल्या काही जणींना देशाच्या शिबिराचं बोलावणं येणार होतं. पहिल्यापासून माझ्या अंगाला सगळीकडून सारखाच घाम येत होता. मग त्यांची एक मुलगी आमच्या डाव्या बाजूने आली. अडखळली नाही. मी सरकले नाही. ती तशीच आत गेली आणि तिने गोल केला. नंतर अजून एक, अगदी तसाच.

तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी मान वळवून डावीकडे बघितलं. तिथे गवत होतं. त्यावर ऊन पडलेलं होतं. बाकी काही नव्हतं. धुळ्यात नाही, केळीत नाही, मला आयुष्यात सगळ्यात जास्त भीती त्या उन्हात वाटली. मला बाहेर बोलावलं गेलं, तेव्हा मी रडत होते आणि सगळ्यांना वाटलं, हरलो म्हणून.

शिबिराचं बोलावणं आलं नाही. नंतर मी सरकायला शिकले, नवख्या पोरीसारखी, रेघा आखून. आणि गुडघा जाईपर्यंत बऱ्यापैकी खेळले. पण त्या सामन्यानंतर मी आधी रजा टाकली आणि फैजपूर गाठलं. हिवाळाच होता. बागांच्या कडेला सकाळच्या धुन्यांची राख अजून गरम होती.

दुपारी मी अक्काच्या घरी गेले. आजवर मी ओट्यापुढे कधी गेले नव्हते. आमच्या मायनेही तिथूनच हाका मारल्या होत्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी दारातून म्हणाले, "अक्का, मी करुणा."

"ये. आत ये," अक्का म्हणाली. "चुलीपाशी ये, गारठली आसशीन."

मी आत जाऊन बसले. अक्का म्हातारी झाली होती, पण चेहऱ्यावरचा तो बागेतला ताण गेला होता. गाल भरले होते. ती कुणाला तरी रोज जेवू घालत असलेल्या बाईसारखी दिसत होती. मला वाटेत जे जे बोलायचं सुचलं होतं ते सगळं विसरायला झालं. मी एवढंच म्हणू शकले, "अक्का, ती आली नाही या वेळी. मी बघितलं. नव्हती ती तिथे."

अक्काने तव्यावरची भाकरी उलटली. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"मीच बोलावून घेतलं तिले," ती म्हणाली. "संक्रांतीले. म्हनलं, लय खेयली. किती दिस पयशीन आता लोकाइच्या गावात? घरी ये." तिने भाकरी निखाऱ्याशी उभी केली. "आली मंग."

आमचा तो सामना संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होता. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

माझा आवाज मला न विचारता वाढला. "आली म्हणजे? कुठे आहे?"

अक्काने पिठाचा हात ओठांवर ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघितलं. तिथलं दार अर्धं लोटलेलं होतं.

"हयू बोल व," ती म्हणाली. "आताच निजली."

मग तिने ताट घेतलं, भाकरी वाढली, आणि मी अगदी हळू आवाजात तिच्याकडे थोडं मीठ मागितलं.